दगडूच्या पोटऱ्या

माझ्या आजारी मुलाला मी दोन वर्षं रोज बैठका मारायला लावल्या.

कारण त्याच्या पोटऱ्या. सात वर्षांच्या दगडूच्या पोटऱ्या जाणत्या पैलवानासारख्या टणक नि भरदार होत्या. मी स्वतः तालमीत तीन महिने टिकलो, त्यातले दोन माती उकरण्यात गेले. म्हणून घरात मल्ल जन्मला, असं मी उंब्रजभर मिरवत सुटलो. पोरगं चालता चालता पडे, पाचव्या बैठकीला खाली बसे. त्याला मी आळस म्हणत असे.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मी महादेवाला नवस बोललो: पोरगं स्वतःच्या पायांनी तुझा डोंगर चढेल, तू फक्त त्याचा आळस घालव. पुढच्या चैत्रात आम्ही नवराबायको त्याला घेऊन निघालो. चाळीसेक पायऱ्यांवर दगडूनं बसकण मारली. मी ओरडलो, "ऊठ रं! देव काय खाली येणार हाय व्हय?" तो उठला. आधी चार पायांवर, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा.

शेजारी सांगलीचे एक म्हातारे डॉक्टर दम खात बसले होते. "बाळ, पुन्हा एकदा उठून दाखव," ते म्हणाले. मग त्याची पोटरी चाचपत मला म्हणाले, "ही ताकद नव्हे. आतला स्नायू झिजतोय, त्याची जागा चरबी घेतेय. आधी कंबर-मांड्या जातात, मग हात, शेवटी छाती. हा आळस नाही, कुणाचं पापही नाही. औषध अजून निघालेलं नाही. त्याला दमवू नका."

"मग नवस?" एवढं ऐकूनही मला हेच सुचलं.

"देवाशी तुम्ही बोलला होतात, हा नव्हे."

मी दगडूला पाठीवर घेतलं. माझ्या मानेवर गाल टेकून तो लगेच झोपला. किती थकला होता ते तेव्हा कळलं. पुढं त्याचे पाय गेले, हातही गेले. देवानं काही बरं केलं नाही. तरी त्या डॉक्टरांना त्या पायरीवर त्यानंच बसवलं, असं मी मानतो. नाहीतर माझं लेकरू शेवटपर्यंत माझं ओरडणंच ऐकत राहिलं असतं. तेव्हापासून देवाजवळ मागणं सोडलं. त्यानं दिलेलं ओझं जपून न्यायचं, एवढंच ठरवलं.

त्या दिवशी वर गाभाऱ्यापुढं मी कान धरले, रडलो आणि बायकोला म्हणालो, "देवानं डोळं उघडलं बघ माझं."

"मी दोन वर्सं सांगतीया, पोर दमतंय म्हणून," ती म्हणाली. "तवा बायकूचं ऐकाय तुमास्नी लाज वाटत हुती. महादेवाला सांगलीचा डाक्तर धाडाय लागला."