पाच फोटो, एक कोट

शाळेच्या वर्धापनदिनाला जुन्या गावाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, असं सरपंचांच्या मनात आलं आणि काम माझ्याकडे आलं. मी त्या शाळेत शिक्षिका. याद्या करायची मला सवय, त्यामुळे गावातलं कुठलंही बिनमोबदला काम फिरून माझ्याच टेबलावर येई. ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जुनं गाव कधीच मुळशीच्या धरणात गेलेलं, नवं डोंगराच्या अंगाला वसलेलं.

मी घरोघर फिरले. तीन घरांनी भिंतीवरचे आजोबा उतरवून दिले. आणखी दोन फोटो देवळातल्या पेटीत निघाले. गाव उठलं तेव्हाच्या गडबडीत ते तिथे पडले असावेत. कुणाचे, ते कुणालाच सांगता येईना. धरणाच्या कितीतरी आधी पुण्याहून एक फोटोवाला आला होता. त्याने जुन्या देवळापुढे खुर्ची मांडून पाचही काढलेले.

मी रीतसर यादी करायला घेतली. ‘ओळखीची खूण’ या रकान्यात पहिल्यासमोर लिहिलं, ‘कोट, बसलेले’. दुसऱ्यासमोर लिहिलं, ‘कोट, बसलेले’. तिसऱ्याला हात थांबला. पाचही फोटो बाकावर ओळीने मांडले. वरून तिसरं बटण पाचही जणांच्या पोटावर नव्हतं. गावात कोट एकच होता.

आपला आजा नीट टांगला जातोय का, हे बघायला तिन्ही घरची माणसं आली होती.

“ह्यो कोट आमच्या आज्याचा,” एका घरचे थोरले म्हणाले. “मुंबईला डबं पोचवायचा त्यो. सायबानं दिल्याला.”

“मग आमच्या आज्याच्या अंगावर कसा?” दुसऱ्या घरच्यांनी विचारलं.

“मागून नेला असंल. तुमच्यात चालच हाय ती. आमची पहार नेली, ती अजून आली न्हाई.”

“पहार कोपऱ्यात उभी हाय, या आन् घेऊन जावा. कोटाचं बोला.”

सरपंच मध्ये पडले. “फोटोवाला म्हनला असंल, उघड्या अंगाचा फोटू काढत न्हाई. मग एकानं काढला की दुसऱ्यानं चढवला. बाई, पाटीवर ल्ह्या, गावात एकी लई व्हती.”

या गोंधळात आत्या त्या दोन बेवारशी फोटोंपाशी येऊन बसल्या होत्या. गावची लेक गावातच दिलेली, म्हणून त्या सगळ्यांच्याच आत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्या पोटात असताना त्यांचे वडील प्लेगात गेले. त्यांनी वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी फोटो काढून घेतला होता एवढं आईने सांगितलेलं, आणि खूण सांगितलेली एकच: कोट. कोटातला माणूस दिसला की तो आपला बाप, या हिशोबाने आत्या सकाळी अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

“तीन तर ह्यांचं,” त्या म्हणाल्या. “ह्या दोघांत माझा बाप कुटला? बाई, तुमच्या यादीत बघा की.”

यादीत काय होतं ते मला माहीत होतं. मी वही मिटली.

मग सगळेच कोट सोडून आत्यांच्या बापाच्या मागे लागले.

“नाक ह्याच्यावर गेलंय आत्याचं.”

“काय न्हाई, कान बघा, कान त्याचं.”

“मला काय दोघांत वाटून घेता व्हय रं?” आत्या म्हणाल्या.

मी विचारलं, “आई आणखी काय सांगायच्या?”

“काय सांगनार. दारातनं वाकून यायचा म्हनं, तरी कपाळ आपटायचं.”

मी पुन्हा फोटो बघितले. इतका वेळ ज्या कोटाने माझं काम बिघडवलं होतं, त्याचाच आता उपयोग होता. कोट एक, म्हणजे माप एक. एकाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत लोंबत होत्या. दुसऱ्याच्या मनगटाच्या चार बोटं वरच संपल्या होत्या, आणि खांद्यावर शिवण ताणून फाटायला आली होती. मी तो फोटो आत्यांच्या हातात दिला आणि बाह्या दाखवल्या.

कोटवाल्या घरच्या थोरल्यांनी वाकून पाहिलं. “म्हंजे कोट ह्यानं उसवला,” ते म्हणाले. जणू कोट कालच परत आला होता.

आत्या उठून उभ्या राहिल्या. सरपंचांहून चांगल्या वीतभर उंच. “जल्मभर मला शिडी म्हनलासा,” त्या म्हणाल्या. “आता जाऊन ह्याला बोला.”

मग त्यांनी पदराने फोटो पुसला आणि डोळ्यांजवळ नेला. फोटोतल्या माणसाला मिशी नुकती फुटलेली होती.

“लई ल्हान हाय की हो, बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या नातवायेवढा.”

पाचही फोटो खिळ्यांना टांगून झाले. गेलेल्यांचे फोटो म्हणून सरपंच एकेकाला हार घालत निघाले. आत्यांच्या वडिलांपाशी आले, तेव्हा आत्यांनी त्यांचा हात धरला.

“ह्याला नगं. आत्ता कुटं भेटलाय.”

सरपंच तो हार घेऊन पुढे सरकले. मग तो पाचव्याला घातला. त्याला विचारायला कुणी आलं नव्हतं, म्हणून त्याला दोन.