हुसेनमियाँची वकिली

हुसेनमियाँनी आयुष्यभर घड्याळं विकली, पण जेद्द्यातली कोकणी माणसं त्यांना ओळखायची ती वकील म्हणून. कोर्टातले नव्हेत, निकाहातले. दोन साक्षीदार घेऊन नवरीकडे जायचं, कबूल आहे का विचारायचं आणि तिचा जबाब बाहेर काझींना सांगायचा, हे त्या वकिलाचं काम. बाकीचे दारातूनच विचारून मोकळे होत. नवरीनं मान खाली घातली की मावश्या-आत्या 'हो म्हणाली, हो म्हणाली' असा गलका करत आणि झालं लग्न. हुसेनमियाँ आधी सगळ्या बायकांना बाहेर काढायचे. "मना पोरीचा आवाज ऐकायचाय." मग बाहेर येऊन एकच वाक्य बोलायचे, "पोरीचा होकार मी माझ्या कानांनी ऐकलाय."

एकदा एक नवरी काही केल्या बोलेना. हुसेनमियाँ दारात खुर्ची टाकून अर्धा तास बसून राहिले. शेवटी ती 'नाही' म्हणाली आणि लग्न मोडलं. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, बिर्याणी थंड झाली ती वेगळीच. "बिर्याणी परत गरम करता येतेय," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून हा माणूस मला आवडतो.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचे, सरकारी इस्पितळात नर्स होते. त्यांची मुलगी झेबा माझ्याकडचा वरणभात खाऊन मोठी झाली आणि पुढे केपटाऊनला शिकायला गेली. त्यांच्या गावची माणसं तिथं तीन पिढ्यांपासून आहेत, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही.

दोन हजार अठरा साली नियम आला की घड्याळांच्या दुकानांत बहुतेक जागा आता सौदी माणसांना. बलद या जुन्या बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानाच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर परवाना होता त्या सौदी मालकानं, हात वर केले. एकतीस वर्षांनी गावी परतायचं ठरलं, आणि त्याच महिन्यात झेबाचा फोन आला: मी लग्न करतेय, सफूराशी.

हुसेनमियाँच्या बायकोनं, मासूमाभाभींनी, मला वर बोलावून घेतलं. मी स्वतःला मोठी पुढारलेली समजते, पण तोंडून पहिला प्रश्न गेला तो 'कुठल्या घरातली?' जन्मभर कानांवर पडलेलं असंच बाहेर पडतं. भाभी डोळे पुसत म्हणाल्या, "घर चांगलं हाय गो. नमाजी हाय." आम्ही दोघी हसलो आणि मग पुन्हा रडलो.

हुसेनमियाँ तीन आठवडे मुलीशी बोलले नाहीत. तिनं कळवलं होतं, 'अब्बा, मशिदीत आम्ही काही मागत नाही. हे सरकारी कचेरीतलं लग्न आहे. इथलं सरकार धर्म विचारत नाही.' ते मला म्हणाले, "पूर्णिमाबाय, माझ्या इकाम्यावर, हितं रहायच्या परवान्यावर, मजहब छापलेला हाय. आनि तिथं सरकार इचारतच नाय?" रागापेक्षा नवल जास्त होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या दीनात हे बसत नाय. मी काय करू?" पाच वक्तांचा नमाज कधी न चुकवलेला माणूस तो. त्यांचं दुःख मला खोटं म्हणवत नव्हतं, आणि झेबाचंही.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भाभींचा भाऊ नसरुद्दीन कागद घेऊन आला. गावच्या जमातीनं निरोप धाडला होता: या मुलीशी आमचा संबंध नाही असं लिहून द्या, नाहीतर तुमच्या दारी लग्नाला कोणी येणार नाही आणि मयतालाही नाही. परतीचं तिकीट आठ दिवसांवर आलं होतं.

हुसेनमियाँ उठले, नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात तसं वजू केलं आणि कपाटातून पांढरी टोपी काढली. ती ते फक्त निकाहाला घालत. मग त्यांनी झेबाला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागं मैत्रिणींची गडबड होती, शेजारी सफूरा होती.

"सगल्यांना बाहेर जायला सांग. सफूराबाय, तू पन."

खोली रिकामी झाली. "झेबा, तुझ्या खुशीनं करतेस? कुनाची जबरदस्ती नाय ना?"

"अपनी खुशी से, अब्बा."

त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

"आपल्या बोलीत सांग. मोठ्यानं."

झेबाला रडू फुटलं. लहानपणी सोडून दिलेली बोली तिला आठवावी लागली. "माझ्या खुशीनं, अब्बा. कुनाची जबरदस्ती नाय."

"याला मी निकाह नाय म्हननार, पोरी. तुला ठावं हाय."

"ठावं हाय."

"जेवलीस?"

भाभींनी फोन ओढूनच घेतला आणि आत नेला. नसरुद्दीननं कागद पुढं सरकवला. "भावजी, मी जमातीला काय सांगू?"

हुसेनमियाँनी कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"सांग, पोरीचा होकार मी माझ्या कानांनी ऐकलाय."