पिंगळ्याचे कान

आमचा शेजारी पेंटर पिंगळ्याला इतका घाबरतो, की त्याचं चित्र डोळे मिटून काढतो, अशी आवई गल्लीत उठली होती. साफ खोटं! डोळे टक्क उघडे असतात, फक्त पिंगळ्याकडे नसतात. दूधवाल्याच्या पाटीवर त्याने अशीच न बघता काढलेली म्हैस अजून घोड्यासारखी हसते.

परवा चष्मेवाल्याने, म्हणजे पेंटरच्या उरल्यासुरल्या एकमेव गिऱ्हाइकाने, दुकानाच्या पाटीवर चष्मा घातलेला पिंगळा मागितला. खरा पिंगळा समोरच्याच तारेवर होता. मैनेएवढं घुबड ते, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, वाटोळं डोकं, पिवळे डोळे, वर पांढऱ्या भुवया. 'चिर्रर्र चिर्रर्र, चिवक चिवक' करून तो संध्याकाळभर बोंबलत होता. पण आमचे कलावंत मान वर करतील तर शपथ! त्यांनी पिंगळ्याला चक्क टोकदार उभे कान काढले.

चष्मेवाला भडकला. "अहो, हे मांजर आहे! पिंगळ्याला असले कान असतात का? पाटी घेऊन जा आणि पुन्हा इकडे फिरकू नका!"

मी म्हटलं, "आता तरी वर बघ, बाबा!"

पेंटरने वर बघितलं, मग चष्मेवाल्याकडे. "त्या गोल डोक्यावर चष्म्याच्या काड्या अडकवू कुठे, ते तुम्हीच सांगा, मालक!"