आधी कौतुक

नागोराव मूळचे हिंगोलीकडचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कानस घासता घासता उमेदीची वर्षं सरली आणि येरवड्याच्या वस्तीत घर झालं. कारखान्यात त्यांना एक रीत लागली होती. सोबत्याचं काम तपासायला हातात आलं, की आधी त्याच्या हाताचं कौतुक करायचं, मग खोट दाखवायची. घरीही तेच. पहिल्या घासाला "वा!" आणि जरा वेळानं, "मीठ राहिलंय गं थोडं."

"मग 'वा' कशाला म्हणालात?" पत्नी कांताबाई फणकारायच्या.

"वा तुझ्या कष्टाला. मीठ निराळं."

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका होती. पत्र्याच्या घरांत भर दिवसा काळोख. पण या खोलीची पूर्वेची खिडकी उघडली की ऊन बाकांवरून सरकत जाई, जणू कुणी एकेका पोराच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवतंय. नागोरावांची नात पूर्वा तिथंच बारावीचा अभ्यास करायची.

मग शेजारच्या मोकळ्या जागेवर आयटी कंपनीची काचेची इमारत ठरली. तिच्या पार्किंगची उंच भिंत नेमकी त्या खिडकीपुढं येणार होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. मागच्या अंगाला नेली असती तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

त्याच सुमारास मोठ्या इमारतींचे आराखडे बांधकामाआधी पाहायला एक समिती नेमली गेली. तीन आर्किटेक्ट, एक अधिकारी आणि एक नागरिक. वस्तीनं अर्जांवर अर्ज केले, तेव्हा ती पाचवी खुर्ची नागोरावांना मिळाली. कांताबाईंनी पांढरा सदरा कडक इस्त्री करून आणला. विहारापाशी जमलेली माणसं एवढंच म्हणाली, "आबा, खिडकी तेवढी वाचवा."

समिती बसली ती वस्तीपासून लांब, शहरातल्या एका थंडगार खोलीत. टेबलावर इमारतीची छोटी प्रतिकृती होती, दुधासारखी पांढरी. भोवती कापसाची झाडं होती. विहार नव्हता, वस्ती नव्हती. काचेचा रंग निळा की राखाडी यावर जाणत्यांचं बराच वेळ चाललं. सगळ्यांचं झाल्यावर अध्यक्ष श्रीधर देवस्थळी घड्याळात पाहत वळले.

"हं, नागोराव. आपल्याला कसं वाटतं?"

नागोराव उभे राहिले. "साहेब, काम देखणं आहे. ज्यानं केलं त्याच्या हाताला तोड नाही..."

"छान! नागरिकांचीही पसंती. पुढचा विषय घ्या."

"नाही साहेब, पण आमची खिडकी..."

"अहो, आत्ताच आपण देखणं म्हणालात. आता काय पत्रिका जुळवायची?"

खोली हसली. मोठ्या माणसांत हसू उठलं की आपणही हसायचं, या जुन्या सवयीनं नागोरावही हसले. दुसऱ्या दिवशी ते समितीच्या कचेरीत गेले. "आता कसं बदलणार? एकमतानं झालंय," कारकून म्हणाला. "आणि तुम्ही तर कौतुक केलंत."

परतताना बसमध्ये त्यांच्या मनात एकच घोळत राहिलं. ही बैठक सकाळच्या उन्हात, अभ्यासिकेत सतरंजी अंथरून भरायला हवी होती. ज्याच्या दारात भिंत येणार, त्याला पहिल्यांदा विचारायचं. जाणते मागून बोलतील. आणि 'कसं वाटतं' असं विचारायचं नाही. 'तुमचं काय जाईल' असं विचारायचं. एवढं साधं. पण कुणाला सांगणार? पाचव्या खुर्चीला वाचा होती, ती त्यांनी कौतुकात खर्चून टाकली होती.

भिंत उठली. अभ्यासिकेत सकाळीही दिवे जळू लागले. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद झाली की पोरं वह्या उचलून रस्त्याच्या कडेला जाऊन बसत. एका गुरुवारी पूर्वानं डोळे चोळत विचारलं, "आजोबा, तुम्ही होतात ना तिथं?"

नागोरावांनी तिच्या हातातली वही घेतली आणि ते रस्त्याकडं चालू लागले.

त्या दुपारी कांताबाईंनी ताट वाढलं. नागोरावांनी घास घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

कांताबाईंचा हात पातेल्यावरच थांबला. उभ्या संसारात हे वाक्य त्यांनी कितीदा ऐकलं होतं. पण त्याच्या आधी काहीच नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या 'वा'साठी थोडा वेळ थांबल्या. मग मिठाची बरणी पुढं सरकवली.