ट्रायल रूममधला धवला

“ही तार बघ. इथं घुसतंय, काखेच्या खाली. परवा दोन धवले झाले नि माजा आवाज बंद!”

ठमाकाकींनी पिशवी काउंटरवर ठेवली नाही, आपटली. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. दोघींनी माझ्याकडे बघितलं. गल्ल्यावर बसलेल्या शेठनीही बघितलं. माझ्या गळ्यात मेजरिंग टेप होता. तो काढून खिशात ठेवावा असं मला फार वाटलं, पण माझ्या ड्रेसला खिसा नव्हता.

मी तेव्हा एस.वाय.बी.कॉम.ला होते. सकाळी कॉलेज आणि दुपारी एकपासून पनवेलच्या बाजारात लेडीज इनरवेअरच्या दुकानात सेल्सगर्ल. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे मी काहीही केलं तरी वडिलांना ते शिक्षणाचाच भाग वाटायचं. मी त्यांना ‘कापडाच्या दुकानात आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. हा अनुभव लिहू की नको, यात माझे बरेच दिवस गेले. पण जे शिकले ते बायकांच्या उपयोगाचं आहे, आणि पुरुषांनी वाचलं तरी त्यांचं काही बिघडणार नाही.

मी कामाला लागले तेव्हा दुकानात माप घ्यायची पद्धतच नव्हती. शेठ साइज सांगायचे. ते सज्जन गृहस्थ, बाईच्या चेहऱ्याखाली कधी बघायचे नाहीत. त्यामुळे ते चेहरा बघून साइज सांगायचे. गोल चेहरा असेल तर छत्तीस, उभा असेल तर चौतीस. वीस वर्षं दुकान असंच चाललं होतं. कोणी तक्रार करत नव्हतं, कारण तक्रार करायची म्हणजे तो शब्द मोठ्याने उच्चारावा लागतो. मलाही तो उच्चारायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत मी “ते” म्हणायचे.

मग कंपनीच्या एक मॅडम दोन दिवस ट्रेनिंग द्यायला आल्या. त्यांनी सांगितलं ते सोप्या भाषेत असं. ब्राच्या साइजमध्ये एक आकडा असतो आणि एक अक्षर. आकडा म्हणजे छातीच्या खाली, बरगड्यांभोवती जो पट्टा बसतो त्याचा घेर. अक्षर म्हणजे कप. छातीवरच्या मापातून खालचं माप वजा करायचं. दोन इंच उरले तर बी, तीन उरले तर सी, चार उरले तर डी. अंडरवायर म्हणजे कपाच्या खालून जाणारी अर्धगोल तार. ती बरगडीवर सपाट टेकली पाहिजे, मांसावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन खांद्याच्या पट्ट्यांनी नाही, खालच्या पट्ट्याने उचलायचं असतं. हे ऐकून मला खरंच धक्का बसला. माझी आई, मावशी, शेजारणी, सगळ्या जन्मभर खांद्यानेच उचलत होत्या.

मी शेठच्या मागे लागले, एक ट्रायल रूम हवी. ते म्हणाले, “जागा किधर है? नायटीचा स्टँड हटवू का?”

“हटवा ना शेठ. एक महिना बघू या.”

शेवटी स्टँड हटला. प्लायवूड उभं राहिलं, आरसा लागला, पडदा लागला. शेठची अट एकच होती. “महिन्यात एक बाई जरी माप चुकलं म्हणून परत आली, तर दुसऱ्या दिवशी नायटी आपल्या जागेवर. और तू भी.” म्हणजे मीही पूर्वीच्या जागेवर, माळ्यावरून बॉक्स काढून द्यायला. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, वजाबाकी कुठे चुकते?

महिन्याच्या चौथ्या आठवड्यात ठमाकाकी पिशवी आपटत आल्या.

त्यांची ओळख करून देते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. एकेक विधी तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतो. ती थांबली तर मांडव थांबतो. ठमाकाकी ओवे गावाकडच्या, आसपासच्या पंधरा गावांत त्यांच्या आवाजाला मान. मागच्या एका लग्नाची सीडी त्यांच्या घरी सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, आणि त्यात असं दिसलं की काकी दर मिनिटाला खांद्यावरची पट्टी वर ओढतायत. नातवाने मोजलं, एका धवल्यात अकरा वेळा. घरभर हशा झाला. काकी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

म्हणून त्यांची सून रेश्मा, खांदा कॉलनीत राहणारी, माझ्याकडे आली होती. तिला सासूबाईंसाठी तारेची, चांगली, एकदा घातली की हात लावायला लागू नये अशी हवी होती.

“त्यांना घेऊन या ना. माप घेते,” मी म्हटलं.

“त्या येणार नाहीत. त्या म्हणतात, माप द्यायला मी काय गणपतीचं मखर आहे? मी मापाचा ब्लाउज आणलाय.”

इथे माझी चूक झाली. मापाचा ब्लाउज म्हणजे काय, हे मराठी बाईला सांगायला नको. टेलरला स्वतःचं माप न देता अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज द्यायचा. आमच्याकडे तर एकेका ब्लाउजवर दहा दहा वर्षं शिवण चालते. मी तो काउंटरवर पसरला. छातीचा घेर चाळीस, खालचा घेर अडतीस. फरक दोन. अडतीस बी. मी बिलावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

आणि आता तीच अडतीस बी पिशवीतून निघून काउंटरवर पडली होती.

“काकी, तो मापाचा ब्लाउज तुम्हाला अंगाबरोबर होतो का?” मी विचारलं.

“अंगाबरोबर? मी टेलरला सांगतंय, चार बोटं ढिला ठेव. मना गावाचा असतं. दम घ्यायला जागा नको?”

म्हणजे मी काकींचं माप घेतलंच नव्हतं. काकी आणि त्यांचा दम, दोघांचं मिळून घेतलं होतं.

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “क्या हुआ? परत आला ना माल?”

“माल परत नाही आला शेठ. काकी आल्यात,” मी म्हटलं.

“एकच बात है. मी कार्पेंटरला फोन करतो.”

“दहा मिनिटं द्या शेठ. प्लीज.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पण मोबाइल त्यांनी हातातच ठेवला.

मी काकींना ट्रायल रूममध्ये यायची विनंती केली. त्या पडद्याकडे संशयाने बघत होत्या. दुकानात मी शुद्ध बोलायचे, कॉलेजमध्ये मुली हसायच्या म्हणून. त्या वेळी मात्र तोंडातून घरचंच निघालं. “काकी, चला ना गो. मी पन आपल्यातलीच हाय.”

“मंग आदी नाय सांगाचा? मी उगाच शुद्ध बोलतंय तुज्याशी कवापासून!” असं म्हणून त्या आत आल्या. त्या शुद्ध कधी बोलल्या होत्या, हे मी विचारलं नाही.

आत मी ती अडतीस घालून दाखवायला सांगितलं. सगळं एका नजरेत कळलं. मागचा पट्टा पाठीवर वर चढला होता. मागे वर गेला की पुढे खाली येतो, तार सरकते आणि हात उचलला की तिचं टोक काखेखाली घुसतं. काकींना वाटत होतं घट्ट आहे म्हणून टोचतंय. खरं म्हणजे ढिली होती म्हणून टोचत होती.

“काकी, तुम्हाला याहून घट्ट पाहिजे.”

“येरी हायस का गो तू? घट्टनं माजा आवाज गेला, नि आनखी घट्ट?”

मी टेप लावला. मॅडमनी शिकवलं होतं, श्वास सोडल्यावर खालचं माप घ्यायचं. काकींनी श्वास सोडला. चौतीस. वर अडतीस. फरक चार. चौतीस डी. आमच्या शेठना बीच्या पुढचं अक्षर माहीत नव्हतं. पण कंपनीने स्कीममध्ये एक मिक्स बॉक्स गळ्यात मारला होता, तो माळ्यावर न उघडलेला पडला होता. मी स्टुलावर चढून तो काढला. शेठ म्हणाले, “वो तो खराब माल है, उसमें सब एबीसीडी है.” मी एबीसीडीच शोधत होते.

चौतीस डी घालून काकी आरशात वळल्या. पाठीवर पट्टा सरळ. तार बरगडीवर सपाट. पट्टी अजिबात घसरत नव्हती.

“छान बसलीय,” मी म्हटलं.

“बसलीय. पन मी लग्नाला बसाला जात नाय. गावाला जातंय. परवा माज्या सख्ख्या भावाच्या पोरीचं लगीन हाय. तिथं आवाज बसला, तर पुरच्या लग्नाला मना कोन बोलवील?”

तेव्हा मला सुचलं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं. तिथे आम्हाला सांगितलं होतं, गिऱ्हाइकाला हात वर करायला सांगा, वाकायला सांगा. मी म्हटलं, “मग गाऊन बघा.”

“इथं?”

“हो. इथंच.”

मी पडद्याबाहेर आले. काकींनी खाकरून घसा मोकळा केला आणि धवला सुरू केला.

मांडवासाठी घडलेला आवाज प्लायवूडच्या तीन बाय तीनमध्ये कोंडल्यावर काय होतं, ते सांगता येणार नाही. हँगर थरथरले. एक बाई निकर बघत होत्या, त्यांनी ती घाईने खाली ठेवली. काहीतरी देवाचं चाललंय असं समजून शेठनी आधी चपला काढल्या आणि मग मला खुणेने विचारलं, काय आहे?

तिसऱ्या ओळीला आवाज तुटला. मग आतून, “गो पोरी! सोरव मना! हूक निघत नाय!”

मी आत धावले. काकी लाल झाल्या होत्या. हूक काढले तेव्हा त्यांनी असा श्वास सोडला की पडदा हलला. पाठीवर वळ होते.

“बगितलास? मी सांगतंय तुला, ढिलीच दे. वरती ओढीन पट्टी, आनखी काय!” त्या ब्लाउज उचलायला लागल्या.

बाहेर शेठ फोनवर कोणाला तरी म्हणत होते, “हां, प्लायवूड निकालना है.”

मला रडू येणार होतं. पण मी टेप पुन्हा उचलला. “काकी, एकदाच. गायच्या आधी तुम्ही कसा दम भरता, तसा भरा. आणि सोडू नका.”

त्यांनी दम भरला. टेप माझ्या हातातून सरकत गेला. साडेछत्तीस! श्वास सोडून चौतीस, भरून साडेछत्तीस. अडीच इंच काकी नुसत्या हवेच्या होत्या. मॅडमच्या पुस्तकात धवलारीण नव्हती, त्यात मॅडमचा दोष नाही.

आता एक गंमत सांगते. अडतीस बी, छत्तीस सी आणि चौतीस डी, तिन्हींच्या कपात जागा सारखीच असते. याला आमच्यात सिस्टर साइज म्हणतात. पट्टा दोन इंच लहान झाला की अक्षर एक पुढे. म्हणजे कप माझा पहिल्यापासून बरोबर होता. चुकत होता तो पट्टा. मी मिक्स बॉक्समधून छत्तीस सी काढली आणि सगळ्यात बाहेरच्या हुकावर लावली. नवीन ब्रा नेहमी बाहेरच्या हुकावर लावायची. इलॅस्टिक वापरून सैल झालं की मग आतल्या.

“गा,” मी म्हटलं. या वेळी विनंती करायला वेळ नव्हता.

काकींनी दम भरला. एक ओळ गेली. दुसरी. तिसरी. चौथ्या ओळीला काउंटरवरून दुसरा आवाज आला. मी दचकून पडद्याबाहेर बघितलं. परकर घ्यायला आलेली एक बाई, उरणच्या बाजूची असावी, हातात परकर तसाच धरून धवला उचलत होती. मांडवात असंच असतं, एक म्हणते, दुसरी उचलते. तिला गप्प बसवेना. पडद्याच्या आत एक, बाहेर एक, आणि मध्ये मी. शेजारचे स्टेशनरीवाले दारात येऊन उभे राहिले आणि आत बायकांचं काय काय टांगलंय ते बघून लगेच पाठ फिरवून ऐकू लागले.

धवला संपला. पूर्ण संपला. पडदा सरकला. काकी साडी नेसून, पदर घेऊन बाहेर आल्या.

“हात किती वेळा गेला पट्टीवर?” मी विचारलं.

“नाय गेला.” मग परकरवालीकडे वळून, “तू कुठची गो? शेवटची ओळ चुकवलीस.”

“आमच्याकरं असंच म्हनतात,” ती म्हणाली.

त्यावर दोघींची पाच मिनिटं वादावादी झाली. शेठनी फोनवर सांगितलं, “रुको, अभी मत आना.” त्यांनी चपला घातल्या आणि मला विचारलं, “उस खराब मालमध्ये छत्तीस सी एकूण किती आहेत?”

चार होत्या. एक काकींच्या अंगावर गेली, दोन त्यांनी पिशवीत घातल्या आणि एक परकरवालीने मागितली. तिचं माप छत्तीस सी नव्हतं. मी दिली नाही. याबद्दल शेठ संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

भावाच्या मुलीचं लग्न नीट लागलं. रेश्माने फोन करून सांगितलं, काकी शेवटपर्यंत गायल्या, आणि मांडवातल्या सात बायकांना पदराआडून माझं नाव सांगितलं. त्या सातही जणी आठवड्याभरात आल्या. ट्रायल रूम राहिली. शेठनी बाहेर फक्त एक कागद लावला, ‘आत मोठ्याने गाऊ नये.’ तो कोणी पाळला नाही.

तेव्हापासून मी साइज आधी विचारत नाही. आधी विचारते, दिवसभर काय करता? मासे विकणारीला टोपली डोक्यावर घेतल्यासारखे हात करायला लावते. शाळेच्या बाईंना भिंतीवर वरपर्यंत लिहायला लावते. आणि मापाचा ब्लाउज कोणी आणलाच तर नम्रपणे परत करते. त्यावरून ब्लाउजचं माप कळतं, बाईचं नाही.

मागे एक बाई म्हणाल्या, “मी दिवसभर सासूशी भांडते.” त्यांना ट्रायल रूममध्ये काय करायला सांगावं ते मला सुचलं नाही. नुसतंच माप घेऊन दिलं. त्या परत आल्या नाहीत. आमच्या कामात गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही, तर माप बरोबर होतं असं धरायचं असतं. खात्री मात्र कधीच नसते.