समजा, मी अंथरुणाला खिळलो तर

सलूनवाल्या काकांना सगळा गाव 'चौकशीकाका' म्हणायचा, आणि ते काही उगाच नव्हे. गालाला फेस लावला की गिऱ्हाइकाला तोंड उघडता येत नाही, पण काकांचे प्रश्न थांबतील तर शपथ! ज्यांना उठवत नाही त्यांची दाढी करायला ते घरी जायचे. तिथे तर चौकशीला नुसता ऊत यायचा. उशाशी कोण बसतं? सांभाळायच्या बाईचा पगार कोण देतं? पैसे साठवले होते की विमा काढला होता?

"समजा, मी अंथरुणाला खिळलो," घरी येऊन ते काकूंना सांगत, "तर माणूस ठेवायचा खर्च विमा कंपनी देणार. नाही खिळलो, तर भरलेले पैसे गेले पाण्यात! साठवले तर आपलेच राहतात. पण दहा वर्षं पडून काढली तर साठवलेलं पुरतंय कुठलं?"

काकू कपड्यांच्या घड्या घालत "हं" म्हणायच्या. वर्षभर हेच पुराण चाललं होतं.

काकांची साठी तोंडावर आली. साठीनंतर कंपनी नवीन माणूस घेत नव्हती. एजंट मुलगी घरी आली, तिनं सगळं नीट समजावलं. "काका, पैसे एकरकमी. आणि सही करताना माणूस धडधाकट हवा. दुखणं सुरू झालं की आम्ही घेत नाही."

"पाऊस लागला की छत्री मिळणार नाही म्हण की!" काका खूश झाले. होती नव्हती तेवढी शिल्लक भरायचं ठरलं. सही उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या डोक्यात नवंच खूळ. पडलेल्या माणसाला दाढी करून घेताना वाटतं तरी कसं? ते पलंगावर आडवे झाले. "कर गं माझी दाढी."

"काहीतरीच! माझ्यानं नाही व्हायचं."

पण काका ऐकतील तर ना! काकूंनी फेस लावला, वस्तरा गालाजवळ आणला. पातं थरथरत होतं.

"घाबरतेस काय एवढी?"

"घाबरत नाहीये." काकूंनी दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. थरथर थांबेना.

काका उठून बसले. "केव्हापासून?"

"झाले सहा-सात महिने."

"आणि बोलली नाहीस?"

"गावभर विचारत फिरलात. मला कधी विचारलंत?"

काकांनी काकूंच्या हातातला वस्तरा काढून घेतला. एवढ्या चौकशा केल्या, पण प्रत्येक वेळी आपणच पडणार असं धरून चालले होते! हिला आता कुठली कंपनी घेणार?

तेवढ्यात एजंट दारात आली. काका तसेच फेसानिशी उठले. "पोरी, सही राहू दे. पैसे घरातच लागतील."

ती गेल्यावर ते काकूंच्या मागे येऊन उभे राहिले. आज काकूंचे केस नुसतेच गुंडाळलेले होते. बरेच दिवस तसेच असायचे, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. जन्मभर दुसऱ्यांचे केस कापले, पण हे काम कधी केलं नव्हतं.

"अगं," त्यांनी विचारलं, "वेणी कशी घालतात?"

काकूंनी डोळे पुसले. "आधी तोंड धुऊन या. मग तीन पेड करा."