धुतलेल्या पायांचा गुरुवार

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. बरीच वर्षं त्या बारांत मी असतो. त्या दिवशी दुपारी मी वजरी घेऊन न्हाणीघरात बसतो, टाचा घासतो, नखं कापतो आणि नवे मोजे चढवतो. बाकीचेही तेच करतात. म्हणजे फादरांपुढे येणारे पाय आधीच लख्ख असतात. यात वावगं काही आहे असं कुणाला वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

आम्ही मूळचे जालन्याकडचे मराठी कॅथलिक. हैदराबादेत चिक्कडपल्लीतलं भाड्याचं घर सोडून शहराच्या कडेला, एका तलावाजवळ फ्लॅट घेतला. चर्चमधली उपासना, मिस्सा, तेलुगूत ऐकतो, घरची प्रार्थना मराठीत करतो. तलावापलीकडे एक बस्ती आहे आणि बस्तीला लागून औषधांचा कारखाना. बस्तीतल्या बोअरला पिवळं, उग्र वासाचं पाणी येतं. कारखाना आणखी वाढवायचा घाट होता आणि त्याची जनसुनावणी ईस्टरनंतरच्या मंगळवारी ठेवली होती. मागच्या सुनावणीत बस्तीवाल्यांना कुणी धड बोलूही दिलं नव्हतं. या वेळी चर्चची माणसं सोबत आली तर सुनावणी घेणारे सरकारी साहेब निदान ऐकून घेतील, एवढीच त्यांची आशा. त्यासाठी बस्तीतली एक आजी फादरांकडे खेटे घालत होती. ती ख्रिस्ती नव्हती आणि होण्याचा तिचा विचारही नव्हता.

फादर तरुण आहेत. पाणी नासवणं हेही पापच, असं ते उपवासकाळभर प्रवचनात सांगत होते. लोक माना डोलवत आणि बाहेर पडल्यावर कारखान्यात कुणाचा जावई कुठल्या हुद्द्यावर आहे ते आठवत. माझ्या बायकोचं मत सरळ होतं: चर्चनं प्रार्थना करावी, मोर्चे-सुनावण्या करू नयेत. वेदीची सगळी व्यवस्था तिच्याकडे असते. वेदीवरच्या कापडाला सुरकुती दिसली तरी तिचा दिवस खराब जातो.

मग फादरांनी जाहीर केलं की या वर्षी बारांतले निम्मे बस्तीतले असतील, आणि पाय धुवायचं पाणीही बस्तीच्या बोअरचंच असेल. गुरुवारी आजी स्वतः कॅन घेऊन आली.

मी आजीच्या शेजारीच बसलो होतो. माझे पाय नेहमीसारखे चकचकीत, तिच्या टाचांना भेगा आणि घोट्यापर्यंत लाल चट्टे. फादर गुडघे टेकून तिच्यापुढे बसले, परातीत तिचा पाय घेतला आणि तांब्यानं पाणी ओतलं. आजीनं पायाकडे पाहिलं, मग फादरांकडे.

"ये हमारा पानी नै है, फादर," ती म्हणाली. "ये तो चुभताइच नै."

पाणी कोमट होतं आणि त्यात गुलाबाच्या पाकळ्या होत्या. मी ताबडतोब बायकोकडे पाहिलं. ती खांबाजवळ टॉवेल घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. फादरांच्या हातांना त्रास नको, म्हाताऱ्या माणसाला गार पाणी नको, म्हणून तिनं आमच्या फिल्टरचं पाणी तापवून आणलं होतं. तिनं ते मायेनंच केलं होतं, आणि तेच नडलं. मला तिची दया आली. थोडी गंमतही वाटली, ते नाकारत नाही.

फादर गुडघ्यांवर तसेच थांबले. बायको आत गेली आणि दारामागे ठेवलेला कॅन घेऊन आली. परात रिकामी केली. बोअरचं पाणी पडलं तसा वास पहिल्या रांगांपर्यंत गेला आणि काहींनी नाकाला रुमाल लावले. आजीनं दात आवळले. फादरांनी पाय धुतला, पुसला आणि रिवाजाप्रमाणे त्याचं चुंबन घेतलं. माझ्या पायांनाही तेच पाणी लागलं. कातडी सोलल्यासारखी आग झाली. घासूनपुसून आलेल्या पायांना ते जास्तच झोंबतं.

शनिवारी बायको कॅन परत द्यायला निघाली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून तिनं तो फिल्टरच्या पाण्यानं काठोकाठ भरला आणि उचलायला मला सोबत घेतलं. आजीनं ते पाणी आपल्या हंड्यात ओतून घेतलं, दुवा दिली आणि बोअरवर जाऊन तोच कॅन पिवळ्या पाण्यानं भरून आणला. भांडं रिकामं परत न करण्याची रीत तिच्याकडेही होती.

"एक कॅन से क्या होता, अम्मा?" ती म्हणाली. "मंगल कू आओ. ये लेके आओ."

आम्ही तो उचलून घरी आणला. कॅन स्वयंपाकघरात, फिल्टरच्या खाली राहिला. ईस्टरला पाहुणे आले, त्यांनी वास कसला म्हणून विचारलं. तिनं खिडकी उघडली, पण कॅन हलवला नाही.

मंगळवारी ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती. सुनावणीच्या मंडपात बस्तीवाले मागे उभे होते, चर्चमधले आम्ही जेमतेम एक रांग भरेल एवढे. आजीचं नाव पुकारलं तेव्हा बायको तिच्यासोबत पुढे गेली आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या सीलबंद बाटलीशेजारी कॅन ठेवून तिनं झाकण काढलं.

"आमच्या फादरांनी यात हात घातलाय," ती तेलुगूत म्हणाली. "तुम्हीही घाला."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. बायकोनं पदर खोचला, कॅनमधलं पाणी ओंजळीत घेतलं आणि ती ओंजळ साहेबांपुढे धरून तशीच उभी राहिली.